उसाच्या फडातली न मोजलेली मुले

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याच्या नावावर असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरीचा हिशेब टनावर होतो. सोबत आलेले दहा-बारा वर्षांचे मूल या हिशेबात कुठेच नसते, आणि म्हणूनच त्याचे काम कोणाला काम वाटत नाही.

करवीर तालुक्यातल्या एका फडावर मी थांबलो होतो. आई ऊस तोडत होती, तिच्या मागून मुलगी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेचून पेंढ्या बांधत होती आणि पाल्याच्या कडांनी तिच्या हातांवर बारीक चिरा उमटल्या होत्या. राहण्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, तान्हे मूल रडले, की तीच धावत जायची. कोणत्या इयत्तेत आहेस, असे विचारल्यावर तिने "पाचवी" असे सांगितले, पण गावाकडे भागाकार सुरू होण्याआधीच तिला निघावे लागले होते. ट्रॉली भरायला रात्र झाली, तर अंधारात मोळ्या देणाऱ्यांत अशीच मुले असतात. धारदार कोयता, साप, ट्रॅक्टरची चाके हे सारे धोके त्यांच्या आसपासच वावरतात.

बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे बेकायदेशीर आहे. शाळेची वेळ सांभाळून घरच्या उद्योगात हातभार लावण्याची सवलत कायद्याने ठेवली आहे, पण मुकादमाची उचल फेडण्यासाठी चाललेल्या तोडीला घरचा उद्योग म्हणणे ही माझ्या मते शुद्ध पळवाट आहे. मूल मार्च-एप्रिलमध्ये गावी परतते, तेव्हा दुसरे सत्र संपत आलेले असते. पटावर नाव असते, सहसा वरच्या वर्गात ढकललेही जाते, मात्र राहिलेला भागाकार पुढच्या वर्षी अपूर्णांकांच्या आड येतो आणि दोन-तीन हंगामांत मूल स्वतःच शाळा सोडते. मुलगी असेल, तर पुष्कळदा लग्न लावून नवा कोयता तयार केला जातो.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले व मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आज मात्र दंड पालकाला नव्हे, तर त्या मुलांच्या कष्टावर चालणाऱ्या व्यवस्थेला हवा.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. स्थलांतरित मुलांना नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे, परंतु ते पोरांच्या हातात देऊन शाळा शोधण्याचे काम टोळीवर सोडणे निरर्थक आहे. कोणती टोळी कोणत्या गावी उतरणार, हे कारखान्याच्या शेती विभागाला आधीच ठाऊक असते. त्यांच्या यादीत प्रत्येक कोयत्यापुढे मुलांची नावे, वय आणि इयत्ता लिहून ती गाळप सुरू होण्यापूर्वी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला देण्याची सक्ती व्हावी, अशी माझी मागणी आहे.