पाय हलतात, म्हणजे सुधारणा आहे ना?

रामबागेतल्या नातलगांपासून गणेशोत्सवात भेटणाऱ्या परिचितांपर्यंत सगळेच हे विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते. ही सुधारणा नव्हे. मज्जारज्जूला माझ्यासारखी दुखापत झाल्यावर पहिले काही आठवडे पाय लुळे असतात. पुढे दुखापतीखालच्या भागातील प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात आणि त्यांना आवर घालणारे मेंदूचे संदेश तिथवर पोहोचत नसल्यामुळे स्नायू आपोआप आवळले जातात. नुसती चादर सरकली तरी माझा गुडघा उचलला जातो, पण तो मी उचललेला नसतो.

मागच्या संक्रांतीत हळदीकुंकवाला आलेल्या एका मावशींनी माझा पाय चाकांच्या खुर्चीच्या फूटरेस्टवरून उसळलेला पाहिला आणि आईला पेढे वाटायला सांगितले. आईचा चेहरा असा उजळला की मला काही बोलवेना. इंदूरच्या थंडीत पाय एरवीही अधिक ताठरतात, त्यामुळे डॉक्टरांनी थंडीलाच दोष देऊन बॅक्लोफेनची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या माझ्या औषधाची, मात्रा वाढवली. झटके थांबले नाहीत. उलट दिवसभर गुंगी राहू लागली, कमरेतला उरलासुरला जोर गेला, आणि एका पहाटे पलंगावरून खुर्चीवर सरकताना दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकून मी आईच्या अंगावर कोसळले. तिच्या मनगटाला प्लॅस्टर घालावे लागले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली, तेव्हा मूत्राशयात खडा सापडला. तो काढल्यावर पाय पुष्कळसे शांत झाले. मला तिथली वेदना जाणवत नाही, ती पायांतून व्यक्त होत होती. ताठरपणा अचानक वाढला की लघवीचा संसर्ग, खडा, बद्धकोष्ठ, बेडसोर, बोटात रुतलेले नख यांपैकी काही आहे का, हे आधी पाहायचे असते. ते वेळेवर पाहिले गेले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

औषध सोडूनच का देत नाहीस, असेही तुम्ही विचारता. बॅक्लोफेन एकाएकी बंद केले तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकते. पूर्वी मला वाटे, हे पाय कायमचे निपचित पडावेत. आता तसे म्हणवत नाही, कारण उभे राहण्याच्या चौकटीत याच ताठरपणाचा मला आधार होतो. मात्र रात्री झटक्यांनी पुन्हापुन्हा जाग येते, तेव्हा पूर्वीचेच म्हणणे खरे वाटू लागते. स्नायू आखडून घोटे वाकडे होऊ नयेत म्हणून आई दुखऱ्या मनगटाने रोज माझे पाय ताणून देते. तुमचा प्रश्न मला जरूर विचारा, मी उत्तर देईन. तिच्यासमोर तेवढा विचारू नका.