पगारजप्तीचा हिशेब

वडोदरा, महिनाअखेर

पगारपत्रकं तयार व्हायच्या दिवसांत मकरपुऱ्यातल्या कारखान्यांच्या ऑफिसांत कधीमधी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाचा लखोटा येऊन पडतो. आत पगारजप्तीचा गुजराती हुकूम, दरखास्तीचा म्हणजे वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जाचा नंबर, ऋणकोचं म्हणजे देणेकऱ्याचं नाव आणि वसूल करायची रक्कम. ज्याचं नाव, तो धसकाच घेतो: आता सगळा पगार गेला. तसं होत नाही. किती जाईल हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये 1908 सालच्या त्या कायद्याने आधीच बांधून दिलंय.

साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे पैसे फेडायला लावणाऱ्या कोर्टाच्या निकालात, पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार 31,000 धरला तर हजार बाजूला, राहिले 30,000. त्यातले 20,000 सुरक्षित. म्हणजे 21,000 घरी आणि 10,000 कोर्टात. बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर पारडं उलटं फिरतं, पगाराचा फक्त एक तृतीयांश वाचतो. ते योग्यच आहे असं माझं मत.

काही पैसे मुळातच जप्तीबाहेर. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सरकारी, रेल्वेच्या वा पालिकेच्या नोकराला निलंबित असताना मिळणारा निर्वाह भत्ता, मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी. यात वाद मजुराच्या बाबतीत होतो. मशीनवर उभा राहणारा ऑपरेटर मजूर की पगारदार, हे कोर्ट कामाचं स्वरूप बघून ठरवतं. हातमेहनतीचं काम असेल तर तसा अर्ज दरखास्तीतच द्यावा, गप्प बसलेल्याला कोणी सवलत आणून देत नाही. कर्ज घेताना "मी ही सवलत सोडतो" असं लिहून घेतलेलं असलं तरी घाबरू नये, असा करार कायद्याने रद्दबातल आहे.

लोकांना ठाऊक नसलेली खरी गोष्ट मात्र कॅलेंडरची. जप्त होऊ शकणारा हिस्सा एकूण 24 महिने जप्तीखाली राहिला, सलग असो वा तुटक, की पुढचे 12 महिने तो मोकळा. आणि ते 24 महिने एकाच हुकूमनाम्यापोटी गेले असतील तर त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा सुटतो. वरच्या हिशेबात 2,40,000 गेले की संपलं. बाकी कर्ज माफ होत नाही हे खरं, हुकूमनाम्यानंतर 12 वर्षांपर्यंत इतर मालमत्तेवर दरखास्त टाकता येते. पण पगार सुटला. हे महिने कोर्ट आपणहून मोजत बसत नाही आणि पगार काढणारा क्लार्क तर नाहीच नाही. दर महिन्याची पगाराची स्लिप, त्यातली जप्तीच्या कपातीची ओळ, हाच पुरावा. नोकरी बदलली तर जुन्या कंपनीच्या स्लिपा टाकून देऊ नयेत.

पगारखात्याकडूनही घोटाळे होतात. सगळ्यात नेहमीचा म्हणजे सरसकट एक तृतीयांश कापणं, पहिले हजार वगळायचं विसरून. वरच्या उदाहरणात त्याने महिन्याला 333 रुपये जास्त जातात. थोडेच, पण दोन वर्षांत आठ हजारांजवळ. दुसरा, आधीच्या कोर्टाची कपात चालू असताना दुसऱ्या सावकाराचा हुकूम आला की दोन्ही लावणं. त्याच संहितेच्या आदेश 21 मधला नियम 48-अ सांगतो की पहिली जप्ती फिटेपर्यंत दुसरा हुकूम तपशील लिहून परत पाठवायचा. उलट हुकूम बासनात ठेवून पूर्ण पगार दिला तर ती रक्कम मालकाच्या अंगावर येते. म्हणून मालक कापतोच, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते परस्पर भरलेल्या पैशांत. कोर्टाबाहेर सावकाराच्या हातात रोख दिली, त्याने "बरं, बरं" म्हटलं, आणि दरखास्त तशीच पुढे गेली. कोर्टात नोंद न झालेला भरणा अंमलबजावणी करणारं कोर्ट धरतच नाही. भरणा केल्यापासून 30 दिवसांत नोंदीचा अर्ज द्यावा, सोबत पावती किंवा बँकेचा उतारा. त्याहून सोपं म्हणजे पैसे थेट कोर्टातच भरणं.

समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही. नाकारलेलं समन्स बजावलेलंच धरतात आणि एकतर्फी निकाल होतो. तो उठवायला 30 दिवस. निकालानंतर हप्ते बांधून घ्यायचे तर सावकाराची संमती लागते, म्हणून हप्त्यांचं बोलणं निकालाआधी करावं. लोक अदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नाही, तेव्हा पेलेल असाच हप्ता कबूल करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही.

रिकव्हरीवाल्यांच्या धमक्या या सगळ्यापासून वेगळ्या. "कंपनीला सांगून पगार थांबवतो" हे कोर्टाच्या हुकुमाशिवाय शक्य नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर त्यांनी फोनही करायचा नाही.

पतपेढीचं प्रकरण मात्र निराळं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आपल्यापैकी कितीजण "नुसती सही" म्हणून काकांना, साडूला जामीन राहतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागलं पाहिजे असं काही नाही. शिवाय कर्ज घेताना पगारातून कापायचं संमतिपत्र मालकाकडे गेलेलं असेल तर ती कपात कोर्टाविना सुरू होते. तिथे अर्ज संस्थेच्या संचालकांकडे करायचा, हप्ता कमी करून मागायचा, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरतं. हुकूमनामा पूर्ण वसूल झाल्याची नोंद कोर्टात करून घेऊन जप्ती उठवल्याचा हुकूम पगारखात्यात पोचवावा लागतो. तो हातात पडेपर्यंत क्लार्क कपात थांबवत नाही, आणि जास्त गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.