चौऱ्याऐंशी दिवस आणि मधली माणसं

तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ) आणि वैद्यकीय अधिकारी (एमओ) यांना गेलेला तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. शुक्रवार, १४ मे २०२१, रात्रीचे १०.४०. "सर्व टीएचओ व एमओ : कोविशिल्डच्या दोन डोसमधील अंतर आता १२ ते १६ आठवडे. उद्यापासून ८४ दिवस पूर्ण न झालेल्यांना दुसरा डोस देऊ नये. कोवॅक्सिनच्या अंतरात बदल नाही. सोबत पत्र जोडले आहे."

यातलं दुसरं वाक्य पत्रात नव्हतं. ते मी घातलं.

मी जिल्ह्याच्या आरोग्य विभागात कंत्राटी पदावर आहे. पदाचं नाव लांबलचक आहे, पण रोजचं काम एवढंच, की वरून आलेलं पत्र वाचायचं आणि ज्यांना आरोग्य केंद्र चालवायचं आहे त्यांच्या हातात ते वापरता येईल अशा रूपात द्यायचं. केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून परिमंडळाच्या उपसंचालकांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राला, पुढे उपकेंद्राची एएनएम, म्हणजे नर्स, आणि शेवटी आशाताई असा पत्राचा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर एक जावक क्रमांक पडतो आणि एक वाक्य वाढतं : "उपरोक्त विषयान्वये आपल्या अधिनस्त संस्थांना कळवून योग्य ती कार्यवाही करावी." या "योग्य ती"चा मला मनापासून राग येतो. योग्य काय ते ठरवणं हेच तर वरच्याचं काम. ते न करता कागद खाली ढकलला, की उरलेलं ठरवायची पाळी दारातल्या सिस्टरवर येते, तेही समोर चाळीस माणसं उभी असताना.

म्हणूनच मला सवय लागली होती की पत्र आलं की त्याचा अर्थ दोन ओळींत काढून वर लिहायचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते आवडायचं. "मॅडम, तुमचा मेसेज वाचला की पत्र उघडावं लागत नाही," असं एका एमओंनी मला सांगितलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या आठवड्याची परिस्थिती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं तेव्हा कोविशिल्डच्या दोन डोसमध्ये २८ दिवसांचं अंतर होतं. २२ मार्चला केंद्र सरकारचं पत्र आलं, की ४ ते ८ आठवडे चालतील, पण ६ ते ८ आठवडे असले तर अधिक चांगलं. मग मे महिन्यात लसीचा तुटवडा एवढा वाढला, की राज्याने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं आणि आहे ती लस ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. आमच्याकडून खाली गेलेल्या सूचना स्पष्ट होत्या : दुसरा डोस आधी. आशाताईंनी याद्या घेऊन घरोघरी जाऊन सांगितलं होतं, सहा आठवडे झाले, चला. ४५ वर्षांवरच्या सर्वांसाठी लस १ एप्रिलपासून खुली झाली होती. त्या दिवशी पहिला डोस घेतलेल्यांचे सहा आठवडे बरोबर १३ मेला पूर्ण होत होते.

आणि १३ मेच्या संध्याकाळीच टीव्हीवर पट्टी आली : अंतर १२ ते १६ आठवडे.

टीव्ही आधी आणि पत्र नंतर, हे त्या दोन वर्षांत इतक्या वेळा झालं की आम्ही त्याची तक्रार करणंही सोडलं होतं. पण जो माणूस केंद्र चालवतो त्याच्यासाठी यासारखी वाईट गोष्ट नाही. गावातल्या प्रत्येकाला नियम बदलल्याचं कळलेलं असतं आणि तो बदल अंमलात आणायचा लेखी अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. १३ला रात्रीपासून माझा फोन वाजत होता. "मॅडम, खरं आहे का?" "मॅडम, पत्र आलं का?" १४ला ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली होती, सुट्टी होती, आमच्या जिल्ह्यात लसीकरण बंद होतं. एक दिवस मिळाला. रात्री पत्राची पीडीएफ आली. पत्रात नवं अंतर होतं, कोवॅक्सिनबद्दल एक ओळ होती, आणि "योग्य ती कार्यवाही" होती. लागू कधीपासून, ते नव्हतं. ज्यांनी आधीच वेळ घेतली आहे त्यांचं काय, तेही नव्हतं.

मी ते दोन प्रश्न विचारले नाहीत. मला वाटलं, एमओंना संदिग्ध काही देण्यापेक्षा ठाम द्यावं. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, आणि ८४च्या आत नाही. लिहिलं, पाठवलं. पाच मिनिटांत अंगठे आणि "नोटेड मॅडम" यांची रांग लागली.

शनिवारी सकाळी दहाच्या आत एका केंद्राच्या एमओंचा फोन आला. आवाज शांत होता, पण त्यांनी विचारलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "मॅडम, माझ्या दारात साठेक माणसं आहेत. बहुतेक सगळी दुसऱ्या डोसची. तुमच्या हिशोबाने यातला एकही बसत नाही. मग फ्रिजमधली लस कुणासाठी ठेवू?"

मी कॅलेंडर पुढे ओढलं. जे आदल्या रात्री करायला हवं होतं ते तेव्हा केलं. सर्वसामान्य नागरिकांना, म्हणजे साठीच्या पुढच्यांना आणि आजार असलेल्या ४५ ते ५९ वयाच्यांना, लस मिळायला लागली १ मार्चला. त्यात ८४ दिवस मिळवले तर २४ मे. म्हणजे १५ मेच्या सकाळी आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइनवाले सोडले, तर कोविशिल्ड घेतलेल्या एकाही सामान्य माणसाचे ८४ दिवस झालेले असणं शक्यच नव्हतं. कुठल्याच जिल्ह्यात नाही. दुसऱ्या डोससाठी राखून ठेवलेली लस माझ्या त्या एका वाक्याने निदान नऊ दिवस कुणालाच देता येणार नव्हती. आणि १ एप्रिलवाल्यांची पाळी २४ जूनला येणार होती.

एवढी साधी बेरीज. एका मोठ्या कार्यालयापासून माझ्या टेबलापर्यंत किती हातांतून ते पत्र आलं, आणि ही बेरीज करून कुणीच खाली लिहिली नाही, मीही नाही.

मी एमओंना म्हटलं, "डॉक्टर, सध्या ८४ म्हणजे ८४. बाकीचं मी विचारून सांगते."

तिथे त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर सिस्टरने सांगितलं. गावातल्या बहुतेकांनी नाव नोंदवलेलं नव्हतं, ते थेट आले होते. ते चिडले, पण गेले. ११ जणांकडे मात्र ऑनलाइन अपॉइंटमेंट होती, मुलांनी शहरातून काढून दिलेली. त्यातले एक निवृत्त शिक्षक. निर्बंधांमुळे एसटी फक्त अत्यावश्यक सेवेपुरती होती, म्हणून पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून अठरा किलोमीटर आलेले. त्यांनी फोन पुढे केला : तारीख १५ मे, केंद्राचं नाव, वेळ. "ताई, ही वेळ मी नाही घेतली, सरकारने दिलीय." सिस्टरच्या हातात माझ्या मेसेजची प्रिंट होती. गुरुजींनी दोन्ही वाचलं आणि विचारलं, "मग यातलं सरकार कोणतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लस संपलीय, म्हणून दिवस वाढवले." सिस्टरकडे उत्तर नव्हतं, कारण आम्ही तिला ते दिलं नव्हतं. उत्तर होतं. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये या लशीच्या चाचण्यांचे आकडे आले होते : दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तर परिणामकारकता ५५.१ टक्के, बारा किंवा जास्त आठवड्यांनी दिले तर ८१.३ टक्के. ब्रिटनमधला प्रत्यक्ष अनुभव हा या शिफारशीचा आधार असल्याचं केंद्र सरकारनेही सांगितलं होतं. हे दोन आकडे सिस्टरला सांगता आले असते तर रांगेतली निम्मी माणसं समजून परत गेली असती, असं मला खात्रीने वाटतं. आपण खाली फक्त नियम पाठवतो. कारण पाठवत नाही, जणू ते समजण्याची पात्रता फक्त वरच्या खुर्च्यांना आहे. केंद्रावरच्या माणसाला सगळ्यांत आधी विचारला जातो तो "का" हाच प्रश्न असतो.

रविवारी, १६ मेला, केंद्र सरकारचं स्पष्टीकरण आलं. कोविन या नोंदणीच्या पोर्टलमध्ये बदल झाले आहेत, यापुढे ८४ दिवसांच्या आत ऑनलाइन किंवा केंद्रावर नवी वेळ मिळणार नाही. पण आधी घेतलेल्या ऑनलाइन अपॉइंटमेंट वैध आहेत. असे लाभार्थी केंद्रावर आले तर त्यांना डोस द्यावा, परत पाठवू नये.

परत पाठवू नये. मी ती ओळ वाचली आणि बराच वेळ काही टाईप करू शकले नाही.

मग नवा मेसेज लिहिला. या वेळी पहिली ओळ होती : "शुक्रवारच्या माझ्या मेसेजमधील दुसरे वाक्य रद्द समजावे." साहेबांनी तो बघून विचारलं, "असं लिहायची काय गरज होती? नवीन सूचना पाठवली की जुनी आपोआप जाते." जात नाही. मी केंद्रांच्या भिंती पाहिल्या आहेत. २८ दिवसांचा कागद, त्याच्या शेजारी ६ ते ८ आठवड्यांचा, त्यावर अर्धवट चिकटवलेला १२ ते १६चा. जुनं काढा असं कुणी लेखी सांगितल्याशिवाय केंद्रावरचा माणूस सरकारी कागद फाडत नाही, आणि त्याने फाडूही नये.

सोमवारी त्या ११ जणांना बोलवावं असं मनात होतं. त्यांची नावं मिळाली, याचं सगळं श्रेय सिस्टरला. आमच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये "परत पाठवलेले" असा रकाना नाही. किती डोस दिले, किती वाया गेले, किती शिल्लक, एवढंच आम्ही विचारतो. तिने स्वतःहून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर अकराही जणांची नावं, फोन नंबर आणि पहिल्या डोसची तारीख लिहून ठेवली होती. मला जिल्ह्यात बसून सुचलं नाही ते तिला त्या गर्दीत सुचलं.

पण बोलावून उपयोग नव्हता. त्यांची वैध वेळ शनिवारची होती, आणि शनिवार गेला होता. नवी वेळ ८४ दिवसांशिवाय मिळत नव्हती. स्पष्टीकरण पुढच्यांच्या कामाचं होतं, या ११ जणांच्या नाही. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं नुकसान झालं नाही, उलट वाढलेलं अंतर त्यांच्या हिताचंच होतं, हे मला माहीत आहे. तरी दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत, गावात रोज कुणी ना कुणी जात असताना, "दीड महिन्याने या" हे ऐकणाऱ्याला हे कसं सांगायचं?

गुरुजींना फोन मीच केला. काय झालं ते सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. "चूक कुणाची ते राहू द्या. तारीख सांगा."

"२४ जून."

"नक्की?"

मी "आजच्या नियमाप्रमाणे" असं म्हणाले. त्याहून जास्त मी देऊ शकत नव्हते. ते थोडं थांबले आणि "बरं" म्हणाले.

त्याच आठवड्यात, १९ मेला, पुढचा बदल आला : कोविडमधून बरं झालेल्यांनी लस तीन महिन्यांनी घ्यावी. या वेळी मी लगेच पाठवलं नाही. ज्याला बरं होऊन सहा आठवडे झाले आहेत आणि ज्याची उद्याची वेळ ठरलेली आहे त्याचं काय, हे आधी वर विचारलं. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात तीन तालुक्यांनी बातमी टीव्हीवर पाहून आपापला अर्थ लावला आणि खाली कळवलाही, तिघांचे अर्थ वेगवेगळे. साहेब माझ्यावर रागावले, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. अपुरं वेळेवर द्यायचं की पूर्ण उशिरा, याचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही. आता पत्र पुढे पाठवताना मी वर तीन ओळी लिहिते : लागू कधीपासून, मधल्या लोकांचं काय, आधीचं कोणतं पत्र रद्द. जिथे उत्तर मिळालेलं नाही तिथे "विचारले आहे, तोवर कुणालाही परत पाठवू नका, माझ्याशी बोला" असं लिहिते. रात्री-अपरात्री फोन येतात. येऊ देत.

त्या एमओंचा फोन मात्र आता माझ्या प्रत्येक मेसेजनंतर येतो. "मॅडम, पत्र उघडून पाहिलं. तुमच्या दुसऱ्या ओळीचं पत्रात कुठे आहे?" ते बरोबर करतात.

२४ जूनला मी सिस्टरला फोन केला. गुरुजी साडेनऊलाच येऊन गेले होते. शेवटच्या पानावरची किती नावं खोडली, असं विचारलं. "आठ," ती म्हणाली. "एकजण मुलाकडे शहरात गेलेत, तिथे घेतील. दोघांचा फोन लागत नाही. आशाला घरी पाठवलंय."