गंज मोजायला एक पट्टी पुरे

आजचा दिवस रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर, गंज मोजायला पोरांनी टांगलेल्या पोलादी पट्ट्या उतरवण्यात गेला. गंज शिकायला महागडं यंत्रच हवं असं नाही. साध्या पोलादाची १०० × ५० मिमी पट्टी घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन करा. नायलॉन दोरीने टांगा. तांब्याची तार वापरली तर ती ओली झाली की तिथेच पोलाद जास्त खाल्लं जातं.

खरी गोची पुढे. उतरवलेल्या पट्टीचा गंज आम्लात बुडवून काढायचा, पुन्हा वजन करायचं; जेवढी घट, तेवढं पोलाद गंजलं. पण ते आम्ल चांगलं पोलादही थोडं खातं. म्हणून न टांगलेली एक कोरी पट्टी तेवढाच वेळ बुडवायची, तिची घट टांगलेल्या पट्टीच्या घटीतून वजा करायची.

८७.६ × घट (मिग्रॅ) ÷ (७.८५ × चौ.सेमी × तास) = वर्षाला मिमी. ७.८५ ही पोलादाची घनता, तास म्हणजे पट्टी टांगलेला वेळ, ८७.६ एककं जुळवायला. क्षेत्रफळात दोन्ही बाजू धरा, कडाही!

आणि एक पट्टी वळचणीखाली टांगाच. तिथलं मीठ पाऊस धूत नाही.