ग्रीव्ह्ज घरी आली!
आज इंग्लंडच्या एसेक्समधल्या एका शेतावरच्या कोठारातून ग्रीव्ह्ज ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल घरी आणली. तिथल्याच थंडर्सलीत बनलेली, विलियर्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन. याच बनावटीच्या गाडीवर डेव्ह बिकर्स १९६० आणि १९६१ साली २५० सीसीत मोटोक्रॉसचे, म्हणजे खडबडीत मातीच्या वाटेवरच्या शर्यतींचे, युरोपियन विजेते झाले.

किकवर उभा राहिलो, ढिम्म हलेना. पिस्टन जाम. पुढच्या फोर्कचे रबरी बुश तर वाळून भुगा झालेत. पण हँडलखालून इंजिनापर्यंत उतरणारी ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची तुळई! चिखल खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, एकही तडा नाही. किती वेळ नुसता हात फिरवत बसलो.

सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. म्हणाले, "हातोडा लावू नकोस रे, सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेव." ओतलंय. आठवडाभर मुरू देतो.