बुधाचा स्लॅग

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेल्टिंगवर असतो. त्यामुळे ग्रहांविषयी काहीही वाचताना माझी नजर आधी लोखंडावर जाते.

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चारही ग्रह मुख्यतः लोखंड-निकेल आणि सिलिकेटी दगडाचे. वितळलेल्या अवस्थेत जड धातू गाभ्यात उतरला, हलका दगड वर राहिला. कुपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, लोखंड खाली आणि स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, वर, तसंच. पण आमच्याकडे स्लॅगचा रंगही बघतात. हवा जास्त आणि कोक, म्हणजे भट्टीतला भाजलेला दगडी कोळसा, कमी झाला की लोखंड जळून त्याचं ऑक्साइड होतं आणि स्लॅगमध्ये जातं. सळईला लागलेला स्लॅग गार झाल्यावर काळा निघाला, की जुने मिस्त्री म्हणतात, "लोखंड चाललंय." हिरवट, काचेसारखा निघाला की काळजी नाही.

म्हणून ग्रहात लोखंड किती, एवढ्यावर मला थांबता येत नाही. ते धातू होऊन खाली गेलं की ऑक्साइड होऊन दगडात अडकलं, हेही बघावं लागतं. मंगळाच्या प्रावरणात, म्हणजे गाभ्यावरच्या दगडाच्या थरात, लोखंडाचं ऑक्साइड पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे तिथला स्लॅग काळा!

बुध अगदी दुसऱ्या टोकाला. त्याची त्रिज्या २,४४० किमी, त्यातला गाभाच सुमारे २,००० किमी. आणि वरच्या दगडात लोखंड जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. २०११ ते २०१५ या काळात मेसेंजर यान बुधाभोवती फिरलं, तेव्हा हे मोजता आलं. त्याच दगडात गंधक मात्र भरपूर सापडलं. ऑक्सिजनची टंचाई असली की असंच होतं: लोखंड धातू होऊन गाभ्याकडे जातं, गंधक दगडात मुरतं.

तरी एवढा मोठा गाभा नुसत्या ऑक्सिजनच्या टंचाईने होत नाही. बुधाच्या मालातच लोखंड जास्त आहे. मोठ्या टकरीत वरचा दगड उडून गेला, असं बरेच दिवस सांगितलं जायचं. मला ते पटत नाही. तेवढ्या उष्णतेत गंधक आणि पोटॅशियम उडून जायला हवं होतं, आणि मेसेंजरला दोन्ही चांगल्या प्रमाणात मिळालं. सूर्याजवळच्या धुळीतच धातूचा वाटा जास्त होता, हे मला जास्त पटतं.

मेसेंजरची कक्षा लांबट होती. उत्तरेकडे ते जवळून जायचं, दक्षिण गोलार्ध लांबूनच दिसला. २०१८ मध्ये बुधाकडे निघालेलं बेपीकोलंबो यान ती उणीव भरून काढणार आहे. दक्षिणेच्या दगडातल्या लोखंडाचा आणि गंधकाचा आकडा मला सगळ्यात आधी बघायचाय.