तुम्ही विचारलंत म्हणून: एक लाख साठ हजार चाललेली डिझेल स्विफ्ट अजून किती चालेल?

जुनी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर बघून आलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: “मीटरवर एक लाख साठ हजार आहे, इंजिन अजून किती काढेल?” सरळ उत्तर असं, की वेळेवर ऑइल बदललेलं हे इंजिन हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हवाला भाग) न उघडता अडीच-तीन लाख किलोमीटर सहज जातं. टॅक्सीला लागलेली काही त्याच्याही पुढे जातात. दुर्लक्ष झालेलं इंजिन मात्र लाखाच्या आतच उघडावं लागतं.

या गाड्यांत फियाटचं 1,248 सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. ते पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं आणि मारुतीही परवाना घेऊन बनवायची. रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया यांच्यातही तेच. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. पार्टची मात्र अडचण नाही.

आता मीटरचा आकडा. टॉप गिअरमध्ये ताशी 80 ने जाताना इंजिन साधारण 2,000 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असतं, म्हणजे एका किलोमीटरला 1,500 फेरे. गर्दीत सरासरी वेग ताशी 15 आणि सरासरी 1,400 आरपीएम धरा, तर एका किलोमीटरला 5,600 फेरे होतात. हायवेवर दोन लाख चाललेल्या इंजिनाचे 30 कोटी फेरे झाले आणि शहरात 80 हजार चाललेल्याचे जवळजवळ 45 कोटी! त्यात शहरातल्या गाडीचं इंजिन दिवसातून चार वेळा थंड असताना चालू होतं, आणि रिंग-लायनरची (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत) खरी झीज तेव्हाच होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येतात. त्यांच्या कमी किलोमीटरकडे बघून हुरळून जाऊ नका. मीटर मागे घेणं तर कुठेही होतं. नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढा आणि दोन नोंदींमधलं अंतर बघा. 10 हजारांच्या जागी 22 हजार दिसलं, तर आकडा खरा असूनही गाडी नको.

कारण या इंजिनाचा जीव ऑइलमध्ये आहे. ते मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास, म्हणजे एक लिटर कमी झालं की तिसरा हिस्सा गेला. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवायला, बेल्ट नसून एकेरी, बारीक चेन आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा काळं-घट्ट झालं की टेन्शनर ढिला पडतो, चेन गाइडवर (तिला वाट देणाऱ्या पट्टीवर) आपटते, लांबते आणि एक दिवस दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात. “चेन लाइफटाइम असते” हे वाक्य विकणाऱ्याकडून हमखास ऐकाल. लाइफ कोणाची, ते तो सांगत नाही.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर परत या. सेल्फ मारल्यावर इंजिनाच्या एका टोकाकडून, म्हणजे चेन कव्हरकडून, दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली तर ऑइल वर पोहोचायला लागलेला तो वेळ आहे. आवाज टिकला, किंवा गरम इंजिनावर आयडलिंगलाही आला, तर चेन किटचा खर्च भावातून वजा करा. किटमध्ये चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं) असतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायच्या पिना नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. या कामाला ऑइल सम्प (खालची ऑइलची टाकी) उतरवावा लागतो, तेव्हाच आतली, ऑइल ओढून घेणारी जाळी धुऊन घ्या. सम्प बसवताना सीलंट सढळ हाताने लावलं, तर त्याचे तुकडे याच जाळीत अडकतात आणि नवी चेनही उपाशी राहते.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि तोंडातून धूर धडधडत येत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा गेल्या. डिपस्टिकवरचं काळं ऑइल डिझेलमध्ये चालतं. दुधाळ ऑइल चालत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग ते रिंगांतून येवो वा टर्बोच्या सीलमधून. काळा धूर बहुधा ईजीआर (धूर परत इंजिनात घेणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टरचा (डिझेल फवारणारा) असतो, आणि ते इंजिन उघडण्याइतकं मोठं दुखणं नाही. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या: इंजेक्टरमधून डिझेल परत नेणाऱ्या चारही नळ्यांना बाटल्या लावतात, जिची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर गळका.

कूलंटच्या टाकीत साधं पाणी असेल तर सावध व्हा. एकदा तापून हेड वाकलं की गॅस्केट बदलूनही ते पुन्हा धरत नाही, हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा रेडिएटर पाइप दाबून बघा. थंड असून टणक लागला, तर कॉम्प्रेशन पाण्यात जातंय.

शंका राहिलीच तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. गेज डिझेलचाच हवा, पेट्रोलचा फुटेल. सिलिंडरांमधला फरक 10-15 टक्क्यांत असेल तर एकूण आकडा थोडा कमी असला तरी काळजी नाही. एकच सिलिंडर खाली असेल, तर मात्र ती गाडी सोडा.

गाडी घेतलीत, की पहिल्याच दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेलीच. मग 2,000 किलोमीटरला पुन्हा ऑइल आणि फिल्टर, त्यानंतर दर 7,500 ला. डिपस्टिक दर रविवारी. हायवेवरून आल्यावर टर्बोसाठी मिनिटभर आयडलिंगला ठेवून मग बंद करा. आणि कोणी इंजिन फ्लश (आतला गाळ धुणारं रसायन) टाकायचा आग्रह धरला तर नको म्हणा. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटतो आणि जाऊन बसतो तो थेट सम्पच्या जाळीत.